जुनी सिल्व्हरटोन घ्यावी की नवी डॅनइलेक्ट्रो?

वाचकांचे प्रश्न : वाद्यं आणि दुरुस्ती

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी मूळचा मिरजेचा, गेली बरीच वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मित्राची गिटार मागून वाजवायचो, मग नोकरी-संसारात ते मागे पडलं. आता मुलगा बाहेरगावी शिकायला गेलाय आणि पुन्हा वाजवावंसं वाटतंय. इथे जवळच एकाकडे ‘सिल्व्हरटोन 1448’ ही साठच्या दशकातली इलेक्ट्रिक गिटार विकायला आहे, पेटीतच आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प असलेली. मालक 900 डॉलर मागतो. त्याच घराण्यातली नवी डॅनइलेक्ट्रो साधारण 500 डॉलरला मिळते. एक मित्र म्हणतो, जुनं ते सोनं, नवी म्हणजे नुसता देखावा. दुसरा म्हणतो, मुळात जी स्वस्तातली होती, तिची नक्कल पैसे मोजून घ्यायची कशाला? पुढेमागे भारतात परतायचा विचार आहे. काय करू?

उत्तर : वाजवायची असेल तर नवी घ्या. जुनं वाद्य उघडून बघायची, त्याच्यावर हात चालवायची आवड असेल तर जुनीही जरूर घ्या, पण इतक्या वर्षांनी पुन्हा सुरुवात करताना ती तुमची एकुलती एक गिटार नको.

तुमच्या दुसऱ्या मित्राचा प्रश्न माझ्याकडे दुरुस्तीला येणारेही विचारतात. त्याचं उत्तर, ही गिटार स्वस्त कशी झाली, यात आहे. नॅथन डॅनियल हा मूळचा इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस. 1947 मध्ये त्याने डॅनइलेक्ट्रो सुरू केली ती अ‍ॅम्प बनवायला. सिअर्स, माँटगोमेरी वॉर्ड अशा कॅटलॉगवर माल विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना तो अ‍ॅम्प पुरवायचा. गिटारी 1954 पासून. सिअर्सकडे जाणाऱ्या मालावर ‘सिल्व्हरटोन’ हे नाव पडायचं. कारखाना पुढे नेपच्यून सिटीला हलला, म्हणजे तुमच्या एडिसनपासून गाडीने तासाभराच्या आत. 1962 च्या सुमारास आलेली 1448 सिअर्सच्या कॅटलॉगमध्ये अ‍ॅम्पसकट 67.95 डॉलरला होती. घरी गिटारवाला कुणी नाही, गावात वाद्यांचं दुकान नाही, अशा पोरांनी पोस्टाने मागवलेली ही गिटार.

आता ती आतून कशी आहे ते बघा. पॉप्लर लाकडाची चौकट, आणि तिच्यावर पुढून-मागून मॅसोनाइटचे तक्ते चिकटवलेले. मॅसोनाइट म्हणजे हार्डबोर्ड. आपण परीक्षेला क्लिप लावलेलं तपकिरी पॅड न्यायचो ना, त्याच जातीचा. कडेची चिकटवलेली फट दिसू नये म्हणून वरून व्हायनिलची पट्टी. पिकअपसाठी, म्हणजे तारांची थरथर विजेच्या रूपात टिपणाऱ्या भागासाठी, लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या: अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकपट्टीभोवती तांब्याची बारीक तार गुंडाळायची, टेप लावायची आणि सगळं नळीत सरकवायचं. नट, म्हणजे खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात ती पट्टी, अ‍ॅल्युमिनियमचा. ब्रिजवर, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या घोडीवर, तारा टेकायला रोझवुडची एक साधी पट्टी.

पैसे वाचवायला केलेलं हे काम आहे, पण प्रत्येक जागी डोकं लावून केलेलं. लिपस्टिक पिकअपला वेढे कमी, म्हणून त्याचा आवाज मोकळा आणि चमकदार येतो. दोन पिकअपच्या मॉडेलात दोन्ही एकदम चालू केले, म्हणजे स्विच मधल्या जागी ठेवला, की ते सिरीजमध्ये, एकापुढे एक, जोडले जातात. फेंडर, गिब्सन या मोठ्या कंपन्यांच्या बहुतेक गिटारींत मधल्या जागी ते पॅरललमध्ये, शेजारी-शेजारी, असतात, त्यामुळे तिथे आवाज थोडा पातळ होतो. डॅनइलेक्ट्रोत उलट तो एकदम भरतो, जाड होतो, मोठाही होतो. लेड झेपलिनच्या जिमी पेजसारख्या माणसाने हातात हवी ती गिटार घेण्याची ऐपत असताना मंचावर डॅनइलेक्ट्रोही वाजवली.

महागड्या जुन्या गिटारीची नवी आवृत्ती निघते तेव्हा वाद होतो तो लाकडाचा, रोगणाचा, कारागिराच्या हाताचा. इथे तो वाद लागूच होत नाही. हार्डबोर्ड दुर्मीळ नाही, पॉप्लर दुर्मीळ नाही, आणि या गिटारीचं जे मोल आहे ते तिच्या आखणीत आहे. आखणी पुन्हा वापरता येते. म्हणून स्वस्त गिटारीची नवी आवृत्ती ही महाग गिटारीच्या नव्या आवृत्तीपेक्षा मूळ वाद्याच्या जास्त जवळ जाऊ शकते, असं माझं ठाम मत आहे. अट एकच: पिकअप आणि वायरिंग त्यांनी तसंच ठेवलेलं हवं. आकार हुबेहूब ठेवून आत दुसरेच पिकअप बसवले असतील तर तुमच्या पहिल्या मित्राचं म्हणणं खरं, तो देखावाच. डॅनइलेक्ट्रोच्या ‘59’ या नावाखाली वेगळे पिकअप असलेली मॉडेलंही विकली जातात, तेव्हा दोन लिपस्टिक पिकअप आहेत आणि मधल्या जागी ते सिरीजमध्ये आहेत, हे विचारूनच घ्या.

मूळ कंपनी 1966 मध्ये एमसीए या करमणूक क्षेत्रातल्या बड्या कंपनीने विकत घेतली आणि 1969 मध्ये ती बंद पडली. पुढे एव्हेट्स कॉर्पोरेशनने हे नाव घेतलं आणि 1998 पासून पुन्हा गिटारी आणल्या, आधी कोरियात आणि नंतर चीनमध्येही बनवून. या नव्या गिटारींत एक सुधारणा अशी आहे की तेवढ्यासाठीच मी नवी सुचवते. जुन्या नेकमध्ये, म्हणजे गिटारीच्या मानेत, आत पोलादी पट्ट्या आहेत, पण फिरवून नेक सरळ करता येईल असा ट्रस रॉड नाही. साठ वर्षं तारांच्या ताणाखाली राहून ती नेक वाकली असेल, तर फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, काढून, त्याखालचा बोर्ड रंधून, नव्या फ्रेट बसवाव्या लागतात. तुमच्याकडची मजुरी विचारून बघा, 900 चा आकडा पुढे कुठवर जातो ते कळेल. नव्या गिटारीत तेच काम एका चावीच्या पाव फेऱ्यात होतं.

दुसरी अडचण ब्रिजची. हे बाकावर दहा मिनिटांत समजतं, लिहून जरा लांबण लागते, तरी सांगते. त्या काळी तारांचा जो संच मिळायचा त्यात तिसरी तार, म्हणजे ‘जी’ (G) सुराची, वरून बारीक तार गुंडाळलेली असायची. आज मिळणाऱ्या हलक्या संचात ती साधी, नुसत्या पोलादाची असते. साधी तार जाड असली की दाबल्यावर सूर जास्त चढतो, म्हणून ब्रिजवरचा तिचा टेकू मागे सरकवायला लागतो. सहा तारांना सहा वेगळे टेकू असतील तर हे सोपं. रोझवुडची एकच सरळ पट्टी असेल तर एकटीला मागे नेता येत नाही. मालकाकडे गेलात की ही ‘जी’ची तार बाराव्या फ्रेटवर नुसतं बोट टेकवून छेडा, मग त्याच जागी दाबून छेडा. दोन सूर एक आले पाहिजेत. तिथे दाबलेला सूर चढा लागेल, आणि खाली सी कॉर्ड गोड वाजत असताना वर गेल्यावर सगळं बेसूर का होतंय, ते कळेल. पट्टी तिरकी करून थोडं सांभाळता येतं. गुंडाळलेल्या ‘जी’ तारेचा संच लावला तर बरंच सुधारतं, आणि जुनी गिटार घेतलीत तर तोच लावा. नव्यातही काही मॉडेलांना जुन्यासारखी लाकडी पट्टी दिलेली असते, काहींना सहा टेकू असलेला ब्रिज. तुम्ही सहा टेकूंचा घ्या, दिसायला थोडा वेगळा दिसला तरी.

पेटीतल्या अ‍ॅम्पबद्दल मात्र मी तुम्हाला हात जोडून सांगते, तपासून घेतल्याशिवाय त्याचा प्लग लावू नका. त्या काळच्या या स्वस्त अ‍ॅम्पना दोन पायांचा प्लग असतो, अर्थिंग नाही. आतले कपॅसिटर एवढ्या वर्षांत सुकलेले असतात. त्या वेळच्या काही छोट्या अ‍ॅम्पमध्ये तर पैसे वाचवायला मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच गाळलेला असे, म्हणजे घरातली वीज थेट चासीपर्यंत, आतल्या धातूच्या सांगाड्यापर्यंत. गिटारीच्या तारा वायरने त्याच चासीला जोडलेल्या असतात, आणि तारांवर तुमचा हात असतो. व्हॉल्व्हचं, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचं, काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडून तो उघडून, तीन पायांची वायर घालून आणि गरज असेल तिथे घरातली वीज चासीपासून वेगळी ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवून घ्यायचा. भारतात आणलात तर आणखी एक लक्षात ठेवा: तो तिकडच्या 120 व्होल्टचा आहे, आपल्या 230 ला थेट लावला की गेला.

परतायचं म्हणता म्हणून आणखी एक गोष्ट सांगते, जी विक्रेते सहसा सांगत नाहीत. त्या काळच्या अमेरिकी गिटारींचे फ्रेटबोर्ड बरेचदा ब्राझिलियन रोझवुडचे असत, स्वस्त गिटारींचेसुद्धा. हे झाड 1992 पासून वन्यजीव व्यापाराच्या साइट्स कराराच्या सर्वांत कडक यादीत आहे. असं लाकूड असलेली वस्तू देशाबाहेर नेताना कागदपत्रं लागतात, आणि ती नसली तर कस्टम्सला माल अडकू शकतो. नव्या गिटारीला ही भानगड नाही.

आणि 1448 बद्दल शेवटचं. तिला पिकअप एकच आहे, दोन असलेली ती 1449. म्हणजे ज्या भरलेल्या आवाजाबद्दल मी वर एवढं लिहिलं, तो तुमच्या 900 डॉलरच्या गिटारीत नाहीच.

नवी घेताना काय बघायचं? वायर खुपसायचा जॅक पातळ तक्त्यावर बसवलेला असेल तर त्याला आवळणारा नट-बोल्टमधला नट सैल होऊन जॅक फिरू लागतो आणि आतली वायर तुटते. दुकानातच हलवून बघा. एकावर एक बसवलेल्या दुहेरी नॉब असतील तर वरची फिरवताना खालची सोबत फिरत नाही ना, तेही. फ्रेटच्या कडांवरून तळवा फिरवा, बोचल्या नाही पाहिजेत. आणि घेतल्यावर चांगल्या माणसाकडून सेटअप, म्हणजे तारांची उंची, नेक आणि सूर यांची जुळणी, करून घ्या, त्याचे पैसे पहिल्यापासूनच हिशोबात धरा.

तुम्ही मिरजेचे, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच नेपच्यून सिटीच्या कारखान्यातून 1967 मध्ये ‘कोरल’ नावाने इलेक्ट्रिक सितार निघाली, व्हिन्सेंट बेल या गिटारवादकाच्या कल्पनेतून. गिटारीसारखी सहा तारांची, बाजूला सतारीच्या तरफांसारख्या, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या, तेरा तारा, आणि ब्रिज असा की तार त्याला किंचित घासत राहावी. आपल्याकडे सतारमेकर गल्लीत कारागीर हाडाच्या घोडीवर कानस फिरवत, ऐकत, पुन्हा फिरवत सतारीचा जो घुमणारा नाद, जी जवारी, काढतात, तिच्याकडे जायचा तो प्रयत्न होता. तुम्ही सतार वाजताना ऐकत वाढला असाल, तर कोरलची जवारी तुम्हाला उथळ वाटेल, पण त्या वेळच्या अमेरिकी रेकॉर्डिंगमध्ये ती खूप वापरली गेली. डॅनइलेक्ट्रोने पुढे ‘बेबी सितार’ काढली, तिला तरफांच्या तारा नाहीत. ती घेऊ नका. मिरजेची सतार माहीत असलेल्या माणसाचं तिच्यावर मन रमणार नाही.

प्रश्न : माझी लेक बारा वर्षांची आहे. अकूस्टिकवर दोन वर्षं शिकली, आता तिला इलेक्ट्रिक हवी आहे, आणि तीही फेंडर कंपनीची ‘मस्टँग’च. दुकानदार म्हणतो, ती जुन्या काळच्या विद्यार्थ्यांच्या गिटारीची नक्कल आहे, त्यापेक्षा पूर्ण मापाची घ्या, पुढे उपयोगी पडेल. — एक पालक, कोल्हापूर

उत्तर : दुकानदाराने जे कमीपणाचं म्हणून सांगितलं, तेच तुमच्या लेकीच्या कामाचं आहे. फेंडरने 1956 मध्ये म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक काढल्या त्या शिकणाऱ्यांसाठी, साडेबावीस इंची स्केलच्या (स्केल म्हणजे नटपासून ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी). 1964 मध्ये मस्टँग आली, तिला 24 इंचांचा पर्याय होता, आणि आजच्या नव्या मस्टँग 24 च्याच असतात. फेंडरच्याच पूर्ण मापाच्या स्ट्रॅटोकास्टरचं स्केल साडेपंचवीस. दीड इंचाने काय होतं, असं वाटेल. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर साडेपंचविसात साधारण 134 मिलिमीटर येतं, 24 मध्ये 126. बारा वर्षांच्या मुलीच्या करंगळीला हे आठ मिलिमीटर फार असतात. शिवाय त्याच तारा, त्याच सुरात, छोट्या स्केलवर सुमारे 11 टक्के कमी ताणात लागतात. बोटं कमी दुखतात. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मोठी घेतली आणि पोरीने सहा महिन्यांत सोडली, तर ते पुढे कुठलं?

मस्टँगमध्ये मात्र एक गोष्ट नवशिक्याला जड जाते: तिची व्हायब्रेटोची (सूर हलवायची) दांडी आणि डुलणारा ब्रिज. दांडी जोरात वापरली की सूर उतरतो, आणि बारीक तारा लावल्या की त्या टेकूवरून निसटतात. स्क्वायर या फेंडरच्याच स्वस्त ब्रँडच्या ‘क्लासिक व्हाइब’ मालिकेतल्या मस्टँगने ही जुनी रचना ठेवली आहे. मोठी झाल्यावर तिला त्यात मजा येईल. तोवर 24 इंची स्केलची, पण ब्रिज पक्का बसवलेली घ्या. मस्टँगच्याच आकारात, दांडी नसलेल्या गिटारी स्क्वायरच्या स्वस्त मालिकांत निघाल्या आहेत, ड्युओ-सॉनिकही बघा. ती ‘मस्टँगच’ म्हणून हटून बसली असेल तर तीच घ्या, उगाच तिचं मन मोडू नका. फक्त सेटअप करणाऱ्याला 10 किंवा 11 क्रमांकाच्या (जरा जाड) तारा लावायला आणि दांडी काढून ठेवायला सांगा. उरलेल्या पैशांत हेडफोन लागेल असा छोटा अ‍ॅम्प घ्या, रात्री अभ्यास झाल्यावर ती घरच्यांना त्रास न होता वाजवू शकेल.

प्रश्न : ताई, मी मडगावला कॉलेजात आहे. माझे आजोबा तारवटी होते, त्यांनी बोटीवरून येताना जपानची टाइस्को गिटार आणलेली. माळ्यावर होती, आता काढलीय. चार पिकअप, वर स्विचांची रांग. तारा बोटभर वर आहेत, पिकअप दोनच चालतात. एक जण विकत मागतोय. त्या पैशांत थोडी भर घालून अशीच दिसणारी नवी गिटार घेऊ का?

उत्तर : विकू नकोस. निदान ती नीट करून वाजवल्याशिवाय तरी नको. टाइस्को ही जपानी कंपनी 1967 मध्ये कावाई या जपानी वाद्यकंपनीकडे गेली, आणि साठच्या दशकातल्या तिच्या गिटारी अमेरिकेत हजारोंनी खपल्या. तेव्हा त्यांना कुणी फारशी किंमत दिली नाही. शिकागोचा ब्लूजवाला हाउंड डॉग टेलर मात्र याच जातीच्या स्वस्त जपानी गिटारीवर स्लाइड (बोटात नळी घालून तारांवर सरकवत) वाजवत राहिला. पुढे अमेरिकी गिटारवादक राय कूडरने आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये टाइस्कोचा सोनेरी जाळीचा पिकअप बसवला, आणि लोक नुसत्या त्या पिकअपसाठी जुन्या गिटारी शोधू लागले. तुझ्याकडे मागणारा माणूस बहुधा त्यासाठीच मागतोय. आधी जाळी बघ. ती सोनेरी पत्र्याची असेल तर सावध राहा.

त्या पिकअपमध्ये रबरासारखी लवचीक चुंबकपट्टी असते आणि रचना अगदी पसरट, आवाज तिच्यामुळे येतो. नव्या स्वस्त गिटारींत बरेचदा वरून फक्त सोनेरी जाळी लावतात, आत नेहमीचा हंबकर, म्हणजे दोन गुंडाळ्यांचा साधा पिकअप. म्हणून तुझ्या बाबतीत नवी म्हणजे खरोखर दुसरीच गिटार होईल, एडिसनच्या काकांसारखं नाही.

न चालणारे पिकअप मेले असं समजू नकोस. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत आधी स्विच जातात. स्विचमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून प्रत्येक स्विच पंचवीस-तीस वेळा मागेपुढे कर, मग पुन्हा लावून बघ. तरीही बोलले नाहीत तर मल्टिमीटर लावून पिकअपच्या वायरींमधला रेझिस्टन्स मोज. काही किलोओहम दाखवले तर कॉइल, म्हणजे आतली तारेची गुंडाळी, शाबूत आहे, दोष पुढच्या वायरिंगमध्ये. काहीच दाखवलं नाही तर कॉइलची तार तुटली आहे, ती पुन्हा गुंडाळून मिळते. तारा बोटभर वर आहेत, त्यासाठी नेकच्या मागचे स्क्रू सोडून खोबणीत ब्रिजकडच्या बाजूला व्हिजिटिंग कार्डाचा एक तुकडा घालून बघ. नेक थोडी मागे झुकते आणि तारा खाली येतात. जुने स्क्रू गंजून अडकले असतील तर जोर लावू नकोस, डोकं निखळेल. आदल्या रात्री गंज सोडवणाऱ्या तेलाचा एकेक थेंब सोडून ठेव, आणि लाकडावर ओघळलेलं लगेच पूस.